एनोकची बंदूक, इवालूचा खांदा

इवालू सात वर्षांची झाली तेव्हा बिबियाने आजीने तिला वाढदिवसाला तंबाखू ओढायचा पाइप दिला. आठव्या वाढदिवसाला लोकरीचे मोजे दिले. एका मोज्यात तिचे दोन्ही पाय मावून वर जागा उरत होती. इवालूने मोजे मांडीपर्यंत ओढले, पाइप तोंडात धरला आणि वस्तीभर मिरवून आली. वाटेत जो भेटला त्याने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "काय एनोक, निघालात शिकारीला?"

आमच्या ग्रीनलंडात माणसाबरोबर त्याचं नाव पुरत नाहीत. एनोक हा या किनाऱ्यावरचा नावाजलेला शिकारी. तो ज्या हिवाळ्यात गेला त्याच हिवाळ्यात इवालू जन्मली आणि बारशाला तिला त्याचं नाव मिळालं. नाव आलं की मागोमाग नातीही येतात. म्हणून ऐंशीची बिबियाने, एनोकची बायको, या पोरीला 'अहो' म्हणते. आणि तिचा मुलगा गेर्थ, ज्याच्या मिशा पिकल्या आहेत आणि ज्याची बोट वस्तीत सगळ्यात मोठी आहे, तो तिला 'बाबा' म्हणतो.

इवालूला याची पाळण्यापासून सवय. त्याचा उपयोग कुठे करायचा हेही तिला पक्कं माहीत. एकदा ती शाळा बुडवून बंदरावर बसली होती आणि गेर्थ तिच्यावर खेकसला. ती म्हणाली, "गेर्थ, बापाशी या आवाजात बोलतात का रे?" गेर्थ गुपचूप जाळी आवरायला गेला.

आता ती मासळीच्या कारखान्यात हॅलिबट कापते. उंची अशी की टेबलाला पोचायला पायाखाली क्रेट पालथा घालावा लागतो, आणि जीभ अशी की तिच्या शेजारी उभं राहायला पुरुष कचरतात. येत्या सप्टेंबरात ती नर्सिंग शिकायला राजधानीला, नूकला जाणार. म्हणजे ऑगस्टातली रेनडिअरची शिकार यंदा साधली तर साधली. मग पुढची कित्येक वर्षं कुठली शिकार आणि कुठलं काय! आणि नेमकी यंदाच गेर्थच्या बोटीत एक जागा रिकामी झाली.

ते कळल्यावर ती धावत वीजघरात आली. मी तिथली डिझेल इंजिनं सांभाळतो. सिसिमिउतच्या तांत्रिक शाळेत शिकून आलो आणि तेव्हापासून वस्तीतलं जे जे गुरगुरतं ते ते माझ्या ताब्यात आहे, गेर्थच्या बोटीचं इंजिनसुद्धा. म्हणून बोटीत माझी जागा कायमची.

"मिनिक! बंद कर ते धूड, ऐकू येत नाहीये!"

"बंद केलं तर सगळी वस्ती अंधारात जाईल."

"जुलै आहे रे बावळटा, अंधार आणणार कुठून? ऐक ना, गेर्थ मला नेतोय!"

"असाच नेतोय?"

"असाच कसा नेईल? झाकण फोडायचंय."

झाकणाची अट सगळ्यांनाच असते. निघायच्या आधीच्या रविवारी हेलिकॉप्टरच्या मैदानापलीकडे, दगडांच्या उतारावर तेलाच्या पिंपाचं झाकण लावतात. प्रत्येकाने तीन गोळ्या मारायच्या, तिन्ही झाकणात लागल्या पाहिजेत. ज्याची चुकेल तो घरी. जखमी जनावर डोंगरात सोडून येणं यापेक्षा मोठी लाज आमच्याकडे नाही. पण इवालूच्या अटीला एक शेपूट होतं. बंदूक बाबांचीच पाहिजे.

बाबांची बंदूक म्हणजे एनोकने अमेरिकन हवाई तळावरच्या एका माणसाकडून आणलेली जुनी लष्करी रायफल. नळी लांब, दस्ता तेलाने काळा पडलेला, दस्त्याच्या टोकाला लोखंडी पट्टी. काडतूस थर्टी-ओ-सिक्स, माझ्या मधल्या बोटापेक्षा लांब. गेर्थने ती इतकी वर्षं सीलच्या कातड्यात गुंडाळून जपली होती. त्याने ती इवालूच्या हातात दिली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "घ्या बाबा. तुमची तुम्हाला."

इवालूने ती घेतली आणि तिचा तोल पुढे गेला.

सरावाच्या पहिल्या दिवशी उतारावर निम्मी वस्ती जमली. डास घोंघावत होते, सगळ्यांच्या डोक्यावर जाळ्या, त्यामुळे कोण हसतंय ते दिसत नव्हतं. इवालू खडकावर आडवी झाली. दस्ता तिच्या हाताला इतका लांब की नळीवरच्या दुर्बिणीपर्यंत डोळा न्यायला मान ताणावी लागत होती. धाडकन आवाज झाला. झाकणाच्या बऱ्याच वर दगडाचा भुगा उडाला. दुसरी गोळी खाली गेली. तिसरी कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही.

"सवय मोडलीय, बाबा," गेर्थ समजुतीने म्हणाला. "हाताला आठवेल हळूहळू."

"एनोक, वय झालं तुझं!" मागून कुणीतरी ओरडलं आणि जाळ्या गदगदा हलल्या.

पुढचे काही दिवस ती कारखान्यातून सुटली की उतारावर जायची. खांदा आधी लाल झाला, मग जांभळा. नेम दिवसेंदिवस बिघडतच गेला. जो तो तिला एनोकच्या आठवणी सांगत होता, एनोक श्वास कसा धरायचा, टोपी कशी फिरवायचा. त्या दस्त्यामागचा खांदा एनोकचा नाही, ही साधी गोष्ट कुणाच्याच डोक्यात येत नव्हती. माझ्याही नाही आली. मी दुर्बीण तपासली, तिचे स्क्रू आवळले, नळी पुसली, वारा मोजला. शेवटी शाळेत शिकलेली एक युक्ती आठवली. यंत्रात दोष सापडत नसेल तर यंत्र बंद ठेवून चालवणाऱ्याकडे बघायचं.

मी एका वापरलेल्या काडतुसात दारू न घालता नुसती गोळी बसवली आणि तिच्या नकळत ते बाकीच्या काडतुसांत मिसळून बंदुकीत भरलं. पहिला बार झाला. पुढचं काडतूस आत घ्यायला इवालूने बोल्ट ओढला, पुढे सारला, नेम धरला, चाप दाबला.

टक्.

बार झालाच नाही. तरी नळीने समोरच्या दगडाला लवून नमस्कार केला.

इवालू तशीच पडून राहिली. "हे काय होतं?"

"काडतूस पोकळ होतं."

"मग नळी खाली का गेली?"

"गेली नाही. तू नेलीस. धक्का बसायच्या आधीच अंग आखडतंय तुझं. डोळाही मिटतेस."

ती उठून बसली. मला वाटलं आता माझी खैर नाही. पण तिने जाळी वर केली तर चेहरा हा एवढा फुललेला! "म्हणजे माझा नेम चांगला आहे?"

"डोळा मिटेपर्यंत उत्तम आहे."

"मग ऊठ! बसलायस काय? दुकान बंद होईल!"

आमच्या दुकानात बंदुका बाळांचे लंगोट आणि बोटीचं तेल यांच्या मधल्या भिंतीवर टांगलेल्या असतात. दुकान येन्सिग्ने बघते. मी जाताना माझा तक्ता घेऊन गेलो होतो. कोणत्या काडतुसाचा धक्का किती, गोळी किती अंतरावर किती खाली येते, सगळं रेघा आखून मांडलेलं. त्यात सात मिलिमीटरचं एक नवं काडतूस मला फारच आवडलं होतं. धक्का कमी, मार सरळ. मी येन्सिग्नेसमोर त्याचं गुणगान केलं.

"छान आहे," ती म्हणाली. "ते कुठे मिळतं?"

"मागवता येईल."

"मागव ना. जहाज आलं तर, बर्फाने वाट दिली तर आणि तिकडच्या माणसाला आठवलं तर येईल. रेनडिअरना निरोप धाड, तोवर तिथेच चरत राहा म्हणावं."

इवालू खो खो हसली आणि माझा तक्ता माझ्याच खिशात कोंबला. "येन्सिग्ने, तुझ्या फळीवर काय काय आहे ते सांग. मला तेच परवडेल. बंदूक एकदाच घ्यायची, काडतुसं जन्मभर."

फळीवर सीलसाठी लागणारी बारकी काडतुसं होती. ती रेनडिअरला अपुरी. थर्टी-ओ-सिक्सच्या तर थप्प्याच होत्या, कारण वस्तीतला प्रत्येक बाप्या तेच वापरतो. आणि कोपऱ्यात साडेसहा मिलिमीटरची काही खोकी. चर्चमध्ये प्रार्थना सांगणारे एरास्मुस मास्तर ती वापरतात, म्हणून प्रत्येक जहाजाने येतात. बाकीचे त्याला मास्तरांची गोळी म्हणून हिणवतात. मास्तर दर वर्षी रेनडिअर आणतात ते मात्र कुणी मोजत नाही.

भिंतीवर दोनच रायफली होत्या. इवालूने आधी काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची उचलली. "अगं बाई, किती हलकी! मिनिक, हात लावून बघ, कापूस आहे कापूस! डोंगरावरून अख्खं जनावर पाठीवर आणायचं तर हीच."

"थर्टी-ओ-सिक्सची आहे ती."

"मग बरंच की. गेर्थही खूश."

"अगं, काडतुसात दारू तेवढीच, गोळी तेवढीच जड, आणि धक्का जिरवायला बंदुकीचं वजन मात्र कमी. एनोकची बंदूक तुला ढकलते. ही थोबाडीत मारेल."

तिने ती ताबडतोब परत टांगली. दुसरी लाकडी होती. दस्ता आखूड, नळी मध्यम, साडेसहाची. ती घेऊन इवालूने दारामागून येन्सिग्नेचा अनोराक, म्हणजे टोपीचा जाड कोट, काढला आणि अंगात चढवला. पाठीवर विक्रीची सॅकही अडकवली.

"इथे काय उकडतंय आणि तू हे काय घालतेस?" मी म्हणालो.

"मी काय सदऱ्यावर शिकार करणार आहे? त्या लांब दस्त्याचं टोक अनोराकमध्येच तर अडकत होतं सारखं."

हे माझ्या तक्त्यात नव्हतं. तिने डोळे मिटले, रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला आणि डोळे उघडले. दुर्बिणीतलं गोल चित्र बरोब्बर तिच्या डोळ्यासमोर. मान ताणावी लागली नाही, काही नाही. तिने पुन्हा केलं. पुन्हा तसंच. मग हातमोजे घालून बोल्ट चालवला, वर, मागे, पुढे, खाली. कुठे अडकला नाही. मी बोल्ट बाहेर काढून नळीतून खिडकीकडे बघितलं. आत आरशासारखी लकाकी होती.

"नवरा पसंत करताना मी एवढं बघितलं नव्हतं," येन्सिग्ने म्हणाली.

"म्हणूनच तो तसला मिळाला," इवालू बोल्ट परत बसवत म्हणाली.

दोन तऱ्हांची साडेसहाची काडतुसं होती. सरावासाठी स्वस्तातली, कडक टोकाची. शिकारीसाठी मऊ टोकाची आणि जरा जड, जी आत शिरून उमलते आणि जनावराला तडफडत ठेवत नाही. तिने दोन्ही घेतली. लगेच उतारावर गेलो. पहिली गोळी झाकणाच्या कडेला लागली. मी दुर्बिणीचे स्क्रू थोडे फिरवले. दुसरी मधोमध! ठण्ण असा आवाज डोंगरातून परत आला तशी ती उठून नाचायलाच लागली. "ऐकलंस? मिनिक, ऐकलंस? माझा डोळा उघडा होता! भोक पडताना दिसलं मला!"

तो ठण्णकार गेर्थनेही ऐकला होता. तो खालून चढून आला आणि नवी रायफल बघून त्याच्या मिशा खाली आल्या.

"बाबा, हे काय? ससे मारायला जायचंय का आपल्याला?"

"झाकणाकडे बघ ना गेर्थ."

"झाकण गोळी मारणाऱ्यावर धावून येत नाही. मी लहान असताना तुम्हीच सांगायचात ना, छोटी गोळी तो छोटा माणूस?"

"मी सांगायचे?"

"तुम्हीच. शंभरदा."

ती कुणालाही उत्तर देऊ शकते, पण स्वतःच जन्मायच्या आधी बोललेल्या शब्दांना काय उत्तर देणार?

"तुम्ही जन्मभर ती बंदूक चालवलीत," गेर्थ म्हणाला. "मी ती जपली. आता तुम्हीच ती टाकून मास्तरांची गोळी धरणार? रविवारी बाबांची बंदूक तुमच्या खांद्याला दिसली तर बोटीत जागा आहे. नाहीतर मी जागा दुसऱ्याला देतो." आणि तो उतरून गेला.

शनिवारी बिबियाने आजीकडे कॉफी होती. शिकारीला जाणारे सगळे तिच्याकडे निरोप घ्यायला जातात; येन्सिग्नेही आली होती. टेबलावर केक, वाळवलेले मासे, व्हेलच्या कातडीचे तुकडे. गेर्थ एका टोकाला बसून केक खात होता आणि इवालू दुसऱ्या टोकाला काहीच खात नव्हती. बिबियानेला आता नीट दिसत नाही. ती माणसं हातांनी ओळखते. चाचपत चाचपत ती इवालूपाशी आली आणि तिने तिचा खांदा प्रेमाने दाबला.

"आई गं!" इवालू कळवळली.

बिबियानेचा हात तिथेच थांबला. मग बोटांनी तिने सूज चाचपली आणि कपाळावर हात मारला. "अहो, परत?"

"परत म्हणजे?"

"परत म्हणजे काय विचारता? दर शिकारीला तेच. रात्रभर कण्हत पडायचं, मी सीलची चरबी गरम करून चोळायची, आणि वर मलाच दम, बिबियाने, पोरांना कळता कामा नये म्हणून. इतक्या वर्षांनी शहाणे झाला असाल असं वाटलं होतं."

गेर्थचा केक हवेत राहिला. "आई, कोण कण्हायचं?"

"हे. तुझे बाबा." तिने इवालूच्या डोक्यावर टपली मारली. "दुसरं कोण?"

"पण बाबांना ती बंदूक केवढी आवडायची!"

"मिरवायला आवडायची. त्या अमेरिकनाला सगळ्यात चांगली दोन कुत्री देऊन आणली होती ना! मग फसलो म्हणणार कुणाला? दस्ता लांब, लोखंड हाडाला लागतं, मला सगळं पाठ आहे. गावाला मात्र सांगायचे, छोटी गोळी तो छोटा माणूस. जन्मभर खांदा सुजवून घेतला, पण सौदा फसला असं काही तोंडातून निघालं नाही यांच्या."

मग इवालू हळूच ताठ बसली. एनोकचं उत्तर तिला सापडलं होतं.

"गेर्थ, बाळा," ती म्हणाली, "सौदा फसला होता माझा."

आधी मी हसलो. मग येन्सिग्ने. गेर्थने बराच वेळ कॉफी ढवळली. आणि ढवळता ढवळता त्याचा दुसरा हात आपोआप स्वतःच्या उजव्या खांद्यावर गेला.

"हो, तुझाही सुजतो," बिबियाने आवाजाच्या दिशेने तोंड वळवून म्हणाली. "तुझी बायको माझ्याकडूनच चरबी नेते. मला काय कळत नाही होय?"

रविवारी इवालूने साडेसहाची खांद्याला लावली. गेर्थने बाजूला सरून तिला जागा दिली. ठण्ण. ठण्ण. तिसरीच्या वेळी वारा उठला. ती थांबली, वारा पडेपर्यंत गवताकडे बघत राहिली आणि मग चाप दाबला. ठण्ण! मी माझी टोपी हवेत फेकली, ती अजून सापडलेली नाही.

खाडीच्या टोकाला बोट नांगरून आम्ही आत चालत गेलो. उंच उंच चढ, ओढे, दलदल. मोठ्या बंदुकीवाले धापा टाकत होते आणि इवालू सगळ्यांच्या पुढे. एका टेकाडावरून तिने एकदम हाताने खाली बसायची खूण केली. समोरच्या पठारावर एक नर चरत होता, शिंगांवर अजून मखमलीसारखी कोवळी कातडी. वारा आमच्या तोंडावर होता, म्हणजे त्याला आमचा वास जात नव्हता. ती सॅकवर रायफल टेकवून आडवी झाली. नर आमच्याकडे तोंड करून उभा. गेर्थ माझ्या कानात पुटपुटला, "मारा आता, मारा." तिने नाही मारलं. मग नराने एक पाऊल टाकलं आणि त्याची कूस आमच्याकडे वळली, खांदा पूर्ण उघडा.

बार झाला. मी तिच्याकडे बघत होतो. डोळा उघडाच होता. नर थोडा धावला आणि गवतात बसावं तसा खाली बसला. ती बोल्ट ओढून दुसऱ्या गोळीसह तयार होती, पण तिची गरज पडली नाही.

"पडला!" मग ती किंचाळली. "गेर्थ! मिनिक! एकाच गोळीत पडला रे!"

वस्तीत परतल्यावर बंदराच्या धक्क्यावर वेगळाच वाद पेटला. आमच्यात पहिली शिकार सगळी वाटून टाकायची असते, शिकाऱ्याने स्वतःला घासभरही ठेवायचा नाही. पण ही पहिली कशी? एनोकने तर आयुष्यात शेकडो मारले होते. अर्धे म्हणाले वाटायची, अर्धे म्हणाले घरी न्यायची. शेवटी बिबियानेला हात धरून आणलं.

"बंदूक कुणाची?" तिने विचारलं.

"इवालूची," गेर्थ म्हणाला. तिचं नाव त्याने घेतलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"आणि खांदा?"

"इवालूचा."

"मग शिकारही इवालूची, आणि पहिलीच. वाटा सगळी." मग ती इवालूच्या कानाशी वाकली, पण बहिऱ्या माणसांसारखी मोठ्यानेच बोलली, "अहो, जीभ मात्र मला हं. तुम्ही नेहमी मलाच द्यायचात."

मांस घरोघर गेलं. जिभेचं पुडकं इवालूने स्वतः बिबियानेच्या हातात ठेवलं. सगळे पांगल्यावर गेर्थ रेंगाळत राहिला. त्याने इकडे तिकडे पाहिलं, मी दोरखंड गुंडाळत होतो म्हणजे मी त्याच्या हिशेबी नव्हतोच.

"बाबा," तो खालच्या आवाजात म्हणाला, "ती जरा देता का बघायला? म्हणजे एकच गोळी. उतारावर कुणी नाहीये आत्ता."

इवालूने बोल्ट उघडून आत काडतूस नाही याची खात्री केली आणि रायफल त्याच्या हातात दिली.

"घे," ती म्हणाली. "आणि डोळा मिटू नकोस."